मुळशीत दुनळी कशासाठी?

नवशिक्याची पहिली बंदूक म्हणून बारा बोअरची दुनळी जगभर विकली जाते. तुर्कस्तानच्या कारखान्यांनी तर ती युरोप-अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणून ठेवली आहे. ताम्हिणीचं रान शेजारी आणि शेतात रानडुकरं, म्हटल्यावर मुळशीतल्या एखाद्या हौशी माणसालाही ती हवीशी वाटली तर नवल नाही. पण ही बंदूक नेमकी कशासाठी घडवली गेली, ते आधी पाहावं. बारा बोअर म्हणजे, नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरेल एवढी, साधारण साडेअठरा मिलिमीटर व्यासाची नळी. ती आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे आटे नसतात. काडतुसातले छर्रे त्यातून सुटले की फेकलेल्या जाळ्यासारखे पसरत जातात. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं. हा चोक दोन नळ्यांना वेगवेगळा ठेवला, की पहिला बार जवळच्या निशाण्यासाठी आणि दुसरा दूर निघालेल्यासाठी. उडत्या-पळत्या लक्ष्याचं हे हत्यार. आणि माझ्या मते मुळशीतल्या हौशी माणसासाठी असं लक्ष्य आज एकच उरलं आहे: मातीची तबकडी. (नावालाच मातीची, असते डांबर आणि चुनखडीची.)

शिकारीचा विषय लवकर संपतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करायला वाव होता. 1991 च्या दुरुस्तीने तोही गेला. ससा, तितर, रानकोंबडी, रानडुक्कर, हौसेखातर यातलं काहीच मारता येत नाही, मग जागा 2013 साली जाहीर झालेल्या ताम्हिणी अभयारण्याच्या आत असो की बाहेर. 1959 च्या शस्त्र कायद्यात गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना ‘खेळा’साठी मिळतो खरा, पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

शेतकऱ्याचा आक्षेप मात्र असा उडवून लावता येणार नाही. आंबेमोहोराचं खाचर डुकरांचा कळप एका रात्रीत लोळवतो आणि मग पंचनाम्यासाठी खेटे घालावे लागतात. कायदाही त्याच्या बाजूने थोडा झुकलेला आहे: पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, ती अपुरी ठरते असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी डुक्कर मारायची लेखी परवानगी देऊ शकतो. तरीही दुनळी हे या दुखण्याचं औषध नाही. पाखरांसाठीच्या बारीक छऱ्यांनी डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर सकाळी कापणीला आलेल्या बायकांच्या अंगावर जातं. जाड छर्रे, म्हणजे एलजी-एसजी, वापरावेत तर ते सहाशे मीटरांच्या पलीकडेही जाऊ शकतात. आजच्या मुळशीत खाचरापासून तेवढ्या अंतरावर एखादा बंगला, रिसॉर्ट किंवा तळ्याकाठचा तंबू असण्याचाच संभव जास्त; अंधारात बार काढणाऱ्याला ते दिसणारही नाहीत. शिवाय एका वेळी चार-सहा पिलं देणारा प्राणी एखाद्या बाराने कमी होत नाही. ज्याला खरोखर परवानगी मिळाली आहे त्याची गोष्ट वेगळी, पण ते काम हौशी नवशिक्याचं नव्हे.

राहिली तबकडी. ट्रॅप या ऑलिंपिक प्रकारात यंत्र तबकडी अनपेक्षित कोनात भिरकावतं. काडतुसात जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रे चालतात आणि पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार मारता येतात. दुनळीच्या दोन चोकांचं खरं चीज इथे होतं. राज्यवर्धन राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला रौप्य मिळवलं ते याच घराण्यातल्या डबल ट्रॅपमध्ये. मग स्वस्तातली देशी दुनळी घेऊन सुरुवात का करू नये? कारण ती बहुधा शेजारी-शेजारी नळ्यांची असते, आणि स्पर्धक वापरतात एकावर एक नळ्यांची, जिची निशाण्याची रेषा अरुंद आणि स्वच्छ असते. तशी परदेशी बंदूक आयात करणं आपल्याकडे सामान्य माणसाला 1980 च्या दशकापासून जवळपास बंद आहे. सवलत नामवंत नेमबाजांना. म्हणजे आधी नाव कमवा, मग बंदूक आणा! या उफराट्या व्यवस्थेत पहिले पैसे क्लबच्या शिकवणीत आणि तिथल्या बंदुकीवर घालवणं शहाणपणाचं. दस्त्याची लांबी आपल्या हाताला आणि गालाला जुळते की नाही, हे तिथेच कळतं. आजोबांची इंग्लिश दुनळी वारशाने आली असेल तर आणखी एक गोष्ट बंदूकसाजाकडून तपासून घ्यावी: जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर पुष्कळदा 65 मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं सहसा 70 ची. लांब काडतूस त्यात बसतं, बंदूक मिटतेही. पण बार उडाला की काडतुसाचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि नळीतला दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो.