नव्या घरात वायफाय कुठे बसवाल?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण माहेरी असल्यापासून ऐकत आलो. लग्न करून पाहिल्याला चौदा वर्षे झाल्यावर आम्हीही घर बांधून पाहिले. ओट्याची उंची किती, देवघर कुठे, मोरीला उतार कसा, धुण्याच्या दोऱ्यांवर ऊन कोणत्या बाजूने येईल, यावर मी किती डोके खपवले म्हणून सांगू! पण एका गोष्टीचा विचार घरात कोणीच केला नव्हता. ती म्हणजे वायफाय. “त्यात काय विचार करायचा? कंपनीचा माणूस येईल, डबा लावून जाईल,” हे आमच्या ह्यांचे म्हणणे. तुमच्याकडेही असेच म्हणत असतील. म्हणून तर हा लेख लिहायला बसले.

मैत्रिणींनो, २०२० साल आठवते ना? आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात होतो. मी एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. शाळा बंद आणि तास मोबाइलवर. इंटरनेटचा डबा दिवाणखान्यात टीव्हीच्या कपाटात, कारण तार तिथल्या खिडकीतून आली होती. दिवाणखान्यात ह्यांचे ऑफिस, खोलीत मुलाची शाळा. मला उरले स्वयंपाकघर. मध्ये दोन भिंती, फ्रिज आणि भांड्यांची स्टीलची मांडणी. मी पानिपत शिकवायला लागले की ऐन रंगात यायच्या आधीच मुलांचे सुरू व्हायचे, “बाई, तुम्ही अडकलात!” हसू यायचे, पण पुढे माझे दोन तास दुसऱ्या बाईंकडे गेले. “तुमच्याकडे रेंज नसते ना,” एवढेच कारण. शिकवणे वाईट म्हणून तास गेले असते तर समजून घेतले असते. फ्रिज आडवा आला म्हणून गेले, हे मात्र मनाला लागून राहिले.

तेव्हाच ठरवले, स्वतःचे घर होईल तेव्हा हा विषय दुसऱ्यावर सोडायचा नाही. मी बी. ए. झालेली, मला यातले काय कळणार, असे आधी वाटले. पण फोडणीला तेल किती हे जितके कळते तितकेच हेही कळते, फक्त कोणी नीट सांगायला हवे.

डब्यात दडलेले तिघे

कंपनी जो डबा लावते त्यात खरे तर तीन कामे एकत्र असतात. बाहेरून काचेच्या तारेतून प्रकाशाच्या रूपात आलेला संदेश विजेच्या रूपात बदलायचा, हे पहिले. तो घरातल्या प्रत्येक यंत्राला वाटून द्यायचा, हे राउटरचे काम. आणि तो बिनतारी लहरींनी हवेत सोडायचा व तुमच्या मोबाइलचे उत्तर ऐकायचे, हे तिसरे. हे तिसरे काम करणाऱ्या यंत्राला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. आता पाहा, पहिली दोन कामे घराच्या कोपऱ्यात झाली तरी चालतात. तिसरे मात्र माणसे बसतात तिथे व्हायला हवे. ते वेगळ्या यंत्राकडे देता येते, आणि मूळ डब्यापासून तिथपर्यंत तार नेता येते. सगळे मर्म एवढ्यातच आहे.

लहरींना काय सोसत नाही

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतात. पण त्यांचा वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी फार. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून तो सुरू असताना जवळचा फोन कधी कधी अडखळतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण नाजूक. एक-दोन भिंतींतच दमतात.

मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की लहरींचा जोर चौथाईवर येतो. त्यात आपली घरे विटा-सिमेंटची. लाकडी दार त्यांना फारसे अडवत नाही. विटांची भिंत बरेच अडवते, आणि सळयांचा स्लॅब तर त्याहून जास्त. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा (त्याच्या पाठीला धातूचा थर असतो), पाण्याची टाकी ही सगळी वाटेतली अडचण. आता टीव्हीच्या कपाटात, टीव्हीच्या मागे, आरशाच्या शेजारी ठेवलेल्या त्या डब्याची काय कथा!

“मग जास्त शिंगांचा, जोरदार डबा आणू,” असे दुकानदार सुचवतो. पण बोलणे दोन्हीकडून असते ना? गच्चीवरून तुम्ही मोठ्याने हाक माराल, खालच्या लहानग्याचे उत्तर तुम्हाला कसे ऐकू येणार? मोबाइलचा आवाज त्या लहानग्यासारखाच बारीक. तेव्हा मोठ्याने ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन बोलणे बरे.

रिपीटर की तार?

दुसरी स्वस्त तोड म्हणजे रिपीटर, प्लगला लावायची डबी. ती काय करते ते वर्गातल्या उदाहरणाने सांगते. मी बोलले, मधल्या बाकावरच्या मॉनिटरने तेच पुन्हा मागच्या बाकांसाठी बोलून दाखवले. वर्गात एका वेळी एकानेच बोलायचे असते, म्हणून एका वाक्याला दुप्पट वेळ. साध्या रिपीटरने वेग जवळजवळ निम्म्यावर येतो तो असा. शिवाय बहुतेक जणी ती डबी जिथे रेंजच नाही त्या खोलीत लावतात. मॉनिटरलाच ऐकू आले नाही तर तो सांगणार काय? लावायचीच तर अर्ध्या वाटेवर लावा.

अ‍ॅक्सेस पॉइंटला तारेने जोडले की हा घोळ राहत नाही. तारेतून आलेले सगळे त्याला पुरे मिळते, हवेत बोलायचे ते फक्त शेवटचे आठ-दहा पावले.

गिलाव्याच्या आधी बोला

आणि इथेच मी चुकले. खालच्या मजल्याचा स्लॅब पडला तेव्हा मी शाळेच्या परीक्षांत गुंतले होते. पंख्यांचे बॉक्स स्लॅबमध्ये आधीच बसवतात, तसाच एक बॉक्स आणि रिकामा पाइप अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी टाकता आला असता. तो राहिला. वायरमन म्हणाला, “वहिनी, आता स्लॅब नाही फोडायचा.” शेवटी भिंतीला झिरी मारून पाइप वर नेला आणि छतावर हातभर केसिंग पट्टी ठोकली. नव्या घरात ती पट्टी अजून माझ्या डोळ्यांत खुपते. वरच्या मजल्याला मात्र सेंटरिंगवर उभी राहून बॉक्स बसवून घेतला.

तेव्हा घर बांधत असाल, तर स्लॅबच्या आधी आणि निदान गिलाव्याच्या आधी वायरमनला हे सांगा:

एक, नेटच्या तारेचा पाइप विजेच्या पाइपापेक्षा वेगळा आणि थोडा अंतरावर हवा. एकाच पाइपात दोन्ही कोंबणे धोक्याचे, आणि संदेशातही गडबड होते.

दोन, तार ‘कॅट ६’ मागा, आणि ती शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त तार मिळते, ती घेऊ नका. एक तुकडा १०० मीटरपर्यंत चालतो. आपल्या घराला ते भरपूर झाले.

तीन, सगळ्या तारा एकाच जागी आणा. आमच्या जिन्याखाली इन्व्हर्टर आहे, तिथेच आणल्या. कंपनीच्या माणसालाही बाहेरची तार तिथेच आणायला लावली. “सगळे दिवाणखान्यातच घेतात,” म्हणून तो कुरकुरला. मी चहा दिला, पण जागा बदलली नाही.

चार, टीव्हीच्या मागे आणि अभ्यासाच्या टेबलाजवळ एकेक तारेचा पॉइंट घ्या. जे यंत्र जागचे हलत नाही त्याला तारच द्यावी. हवेतली गर्दी तेवढी कमी.

जागा कोणती, आणि किती?

कागदावर घराचा नकाशा काढा. कोण कुठे बसून काय करते ते लिहा. मुलगा अभ्यास कुठे करतो, तुम्ही स्वयंपाक करताना मोबाइल कुठे ठेवता, घरातले म्हातारे माणूस दुपारी कुठे पडते. या सगळ्यांच्या मध्ये जी जागा येईल, ती अ‍ॅक्सेस पॉइंटची. बहुधा ती खोल्यांमधला पॅसेज किंवा जिन्यावरची मोकळी जागा निघते. छताला लावायची चपटी तबकडी मिळते; तिच्या लहरी छत्रीसारख्या खाली आणि बाजूला पसरतात. ती कपाटात किंवा पोटमाळ्यावर लपवू नका.

दोन मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक, कारण मधे स्लॅब आहे. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटला मध्यभागी ठेवलेला एक बहुधा पुरतो. गरजेपेक्षा जास्त लावले तर ते एकमेकांच्याच बोलण्यात तोंड घालतात.

कायमचे बसवण्याआधी परीक्षा घ्या. यंत्र शिडीवर त्याच उंचीला ठेवा, सगळी दारे लावा आणि कोणाला तरी व्हिडिओ फोन लावून घरभर फिरा. बाथरूमच्या पलीकडे चित्र थांबले तर शिडी चार फूट सरकवा. अर्धा तास जाईल, पण खात्री होईल.

विकत घेताना

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. घरात १०० मेगाबिटची योजना घेतली असेल तर हजारोंचा आकडा लिहिलेले यंत्र तिला वाढवू शकत नाही. एका चांगल्या व्हिडिओ फोनला तीन-चार मेगाबिट पुरतात. ‘वायफाय ६’ लिहिलेले दोन्ही पट्ट्यांचे यंत्र घरगुती कामाला छान. २०२४ पासून ‘वायफाय ७’ आले आहे. पण ते महाग, आणि त्याचा पुरा फायदा मोबाइलही तसाच असेल तर. तारेचे भोक ‘गिगाबिट’ आहे का तेवढे विचारा.

आणखी एक शब्द पाठ करा: ‘पीओई’. म्हणजे नेटच्या तारेतूनच यंत्राला वीजही मिळते, छताजवळ प्लग लागत नाही. वीज देणारी पेटी जिन्याखाली इन्व्हर्टरवर, त्यामुळे दिवे गेले तरी वायफाय चालू. संध्याकाळच्या शिकवण्यांना याचा फार उपयोग.

घर आधीच बांधून झाले असेल तर निराश होऊ नका. जुन्या केबल टीव्हीच्या पाइपातून नवी तार जाते का ते पाहा. नाहीच, तर ‘मेश’ नावाचा जोडसंच घ्या. त्यातही तीन पट्ट्यांचा बरा, कारण यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याला तो एक पट्टा वेगळा ठेवू शकतो.

बसवून झाल्यावर

सगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटना नाव आणि पासवर्ड एकच द्या, म्हणजे मोबाइल वर-खाली जाताना आपोआप यंत्र बदलतो. तरी तो खालच्यालाच चिकटून बसला तर खालच्याचा जोर थोडा कमी करून घ्या. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींना त्रास देत नाहीत. दोन यंत्रांना वेगवेगळ्या द्या. यंत्रासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि शिकवणीच्या मुलांना, पाहुण्यांना वेगळे ‘गेस्ट’ नाव द्या.

“डोक्यावर हे चोवीस तास, अपाय तर नाही ना?” असे सासूबाईंनी विचारले होते. मीही शोध घेतला. या यंत्राची शक्ती फार थोडी, एका वॅटच्या अंशाएवढी. आणि अशा मंद लहरींनी आरोग्याला अपाय होतो असा खात्रीलायक पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांगितले आहे. त्यांचे समाधान झाले, माझेही.

सासूबाईंचे नाव निघाले म्हणून शेवटी सांगते. आमच्या वन्सं बडोद्याला असतात. जुन्या घरी सासूबाईंच्या खोलीत रेंज नसे, म्हणून लेकीशी बोलायला त्या दिवाणखान्यात येऊन बसत. टीव्ही चालू, हे समोर, मुलगा मध्ये मध्ये. “बरी आहेस ना? बरी आहे,” एवढ्यात बोलणे संपे. मला वाटे, त्यांना बोलायला फारसे काही नसते. नव्या घरात खालची तबकडी त्यांच्या दाराबाहेरच आली. पहिल्या रविवारी दुपारी त्यांनी दार लोटून घेतले आणि दीड तासाने बाहेर आल्या. डोळे ओले होते, पण चेहरा हलका. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

मैत्रिणींनो, तार कुठून घरात येते ते कंपनीला ठरवू द्या. ती कुठवर जायची, ते आपण ठरवायचे. ओट्याची उंची सांगतो ना, तसेच हेही वायरमनला सांगा. आणि गिलाव्याच्या आधी सांगा!