गल्ला नसलेलं ॲप-दुकान

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर सोळा आयकॉन होते. वर बारा, तळाच्या पट्टीत चार, आणि मधे एक अख्खी ओळ रिकामी. ८ जीबीच्या फोनला ५९९ डॉलर मोजणाऱ्या माणसाला ती ओळ भरायची काही सोय नव्हती. ॲप स्टोअर अजून जन्मायचं होतं आणि बाहेरच्या कुणाचा प्रोग्रॅम फोनमध्ये शिरू द्यायचा नाही, असं ॲपलचं धोरण होतं.

त्याआधी अडीच आठवडे, ११ जूनला, स्टीव्ह जॉब्ज यांनी डेव्हलपरांच्या परिषदेत यावर तोडगा सांगितला होता. फोनमध्ये सफारी हा पुरता ब्राउझर आहे, तेव्हा ॲप म्हणून वेबपानंच लिहा, बाकी काही लागत नाही. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ही बोळवण वाटली. तरी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोत ‘आयफोन डेव्हकॅम्प’ भरला आणि हौशी मंडळी कामाला लागली. टिपा वाटून घेणारं कॅल्क्युलेटर, कामांच्या याद्या, बातम्या, छोटे खेळ असं बरंच काही तयार होऊ लागलं.

पण ही ॲप सापडायची कुठे? प्रत्येक ॲप म्हणजे एक वेबपत्ता, आणि तो काचेच्या कीबोर्डवर एकेक अक्षर दाबून टाइप करायचा. म्हणून ॲपइतकीच ॲपच्या सूचीची गरज होती. ही सूचीही त्याच फोनच्या त्याच ब्राउझरमध्ये चालणार, म्हणजे तीही एक वेब-ॲपच.

सूचीच्या सर्व्हरवर ॲप ठेवायचं नसतंच. नाव, वर्ग, पत्ता, एक चिमुकलं चित्र, दोन ओळींचं वर्णन, झाली एक नोंद. अशा हजार नोंदींचा मजकूर एका एमबीत आरामात मावतो. इथवरचं काम कॉलेजच्या प्रोजेक्टइतकं सोपं. खरी कसरत पुढे, ती यादी साडेतीन इंची पडद्यावर नीट दिसायला हवी तेव्हाची.

पडदा ३२० पिक्सेल रुंद, ४८० उंच. सफारी मात्र गृहीत धरायचा की समोरचं पान संगणकासाठी लिहिलेलं आणि ९८० पिक्सेल रुंद आहे. ते तो एक तृतीयांशावर आकसून दाखवी आणि अक्षरं वाचेनाशी होत. त्यासाठी ॲपलने पानाच्या सुरुवातीला लिहायचा ‘व्ह्यूपोर्ट’ नावाचा एक टॅग दिला. हे पान ३२० रुंदीचंच आहे, उगाच आकसू नकोस, एवढंच तो ब्राउझरला सांगतो. बाकीच्या ब्राउझरांनीही तो पुढे उचलला. आज मोबाइलवर नीट दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पानात तो सापडतो.

आता उंचीचा हिशेब. ४८० पिक्सेलमधून बॅटरी आणि रेंज दाखवणाऱ्या पट्टीचे २० गेले, पत्त्याच्या पट्टीचे ६० गेले, तळाच्या बटणांचे ४४ गेले. उरले ३५६. बोट नेमकं पडावं म्हणून यादीची प्रत्येक ओळ ४४ पिक्सेल उंच ठेवायची. म्हणजे एका वेळी दिसणार आठ ॲप. यावर एक खट्याळ युक्ती निघाली. पान उतरलं रे उतरलं की कोडनेच ते एक पिक्सेल वर सरकवायचं. वापरणारा वाचायला लागला असं समजून सफारी पत्त्याची पट्टी आत घेई आणि नवव्या ओळीला जागा होई.

फायरफॉक्स ब्राउझरच्या मूळ निर्मात्यांपैकी एक असलेल्या जो हेविट यांनी त्याच जुलैत ‘आययूआय’ ही कोडची शिदोरी सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यामुळे वेबपानातल्या याद्या फोनच्या स्वतःच्या याद्यांसारख्या उजवीकडून डावीकडे सरकू लागल्या. प्रत्यक्षात नवं पान उघडतच नसे. सगळ्या याद्या एकाच पानात असत आणि पत्त्याच्या शेपटाला फक्त एक खूण चिकटे. मग ‘मागे’चं बटण दाबलं हे कोडला कसं कळणार? तर दर ३०० मिलिसेकंदांनी तो डोकावून बघे, पत्ता बदलला का, फोन आडवा केला का. तेव्हा ब्राउझर हे आपणहून सांगत नव्हता.

आणि नेटवर्क? पहिल्या आयफोनला थ्रीजी नव्हतं, वाय-फायच्या बाहेर सगळा कारभार ‘एज’वर. फोनच्या कोपऱ्यातलं ते ‘ई’ अक्षर आपल्याकडेही अनेकांनी वैतागून पाहिलेलं आहे. तिथे वेगापेक्षा जास्त नडतो तो उत्तर सुरू होईपर्यंतचा खोळंबा. सूचीत पन्नास आयकॉन असले तर सर्व्हरकडे पन्नास मागण्या, आणि दरवेळी तोच खोळंबा. यावरचा जुना उपाय म्हणजे सगळे आयकॉन एकाच मोठ्या चित्रात मांडायचे आणि प्रत्येक ओळीत त्यातला हवा तेवढा तुकडा दाखवायचा. पण २००८च्या सुरुवातीला याहूच्या अभियंत्यांनी तपासून पाहिलं, तेव्हा कळलं की २५ केबीहून मोठी फाइल हा फोन पुढच्या वेळेसाठी जपूनच ठेवत नाही. आणि हे २५ केबी आवळण्याआधीचे, म्हणजे फाइल झिप करून पाठवण्याचा इथे उपयोग शून्य. फोन बंद करून चालू केला की साठवलेलं तेही पुसलं जाई. म्हणून एकाच मोठ्या चित्राऐवजी २५ केबीच्या आतली चार-पाच चित्रं करणं शहाणपणाचं होतं.

एवढं करूनही सूची चालवणाऱ्याची डोकेदुखी संपत नाही, कारण माल त्याच्या ताब्यात नाही. सकाळी तपासलेलं ॲप त्याचा लेखक दुपारी बदलू शकतो आणि महिन्याभरात बंदही करू शकतो. मेलेले पत्ते शोधणारा प्रोग्रॅम लिहिता येतो, पण ‘क्षमस्व, सेवा बंद आहे’ असं सांगणारं पानही त्या प्रोग्रॅमला जिवंतच दिसतं. शेवटी कुणीतरी माणसानेच बोटाने दाबून पाहायचं. ‘सर्वाधिक लोकप्रिय’ या वर्गाचीही गंमतच. ॲप किती जण वापरतात हे सूचीला कळतच नाही. तिला कळतं ते एवढंच की किती जण या नावावर बोट ठेवून बाहेर पडले. आत जाऊन दोन सेकंदांत कंटाळलेलाही त्यात मोजला जातो. चटकदार नावाचं टाकाऊ ॲप वर चढायला एवढं पुरतं.

ऑक्टोबर २००७च्या दुसऱ्या आठवड्यात खुद्द ॲपलने आपल्या साइटवर अशी सूची उघडली. खेळ, बातम्या, प्रवास, हवामान अशी वर्गवारी होती. आठवडाही उलटला नाही तोच, १७ ऑक्टोबरला, जॉब्ज यांनी पत्र प्रसिद्ध केलं की फोनमध्येच बसणारी ॲप लिहिण्याची साधनं लवकरच देऊ. जानेवारीत वेबपानाचं आयकॉन पडद्यावर ठेवण्याची सोय आली खरी, पण हवा फिरली होती. १० जुलै २००८ला ॲप स्टोअर सुरू झालं आणि पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत एक कोटी डाउनलोड झाले.

वेब-ॲप मंद होती, नेटवर्क नसताना मुकी होती, कॅमेऱ्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून ती हरली, असं सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण यातल्या बहुतेक उणिवा ब्राउझरांनी पुढे भरून काढल्या, तरी डेव्हलपर परतले नाहीत. माझ्या मते मूळ फरक गल्ल्याचा होता. वेब-ॲपच्या लेखकाला एक डॉलर मिळवायचा तर ग्राहकाला ‘एज’वर कार्डाचे सोळा आकडे टाइप करायला लावावे लागत. ॲप स्टोअरकडे आयट्यून्स या ॲपलच्या गाण्यांच्या दुकानामुळे ग्राहकांची कार्डं आधीच होती. ३० टक्के ॲपलने ठेवले तरी ७० टक्के बिनकटकटीचे हातात पडत. मीही तोच सौदा केला असता.

भारतात पहिला आयफोन अधिकृतपणे आलाच नाही. ऑगस्ट २००८मध्ये आला तो थ्रीजीवाला, ३१ हजार रुपयांचा, ॲप स्टोअर घेऊनच. त्यामुळे हा वेब-सूचीचा अध्याय आपल्याकडे कुणी फारसा पाहिला नाही. त्यामागचं तंत्र मात्र वेगळ्या वाटेने आलं. २०१४मध्ये इंटेक्सचा १,९९९ रुपयांचा फायरफॉक्स ओएसवाला फोन आला. तो चालला नाही, पण त्याच कोडवर उभं राहिलेलं कायओएस २०१७मध्ये जिओफोनमध्ये बसलं. त्या बटणांच्या फोनवरची ॲप वेबच्याच भाषांत लिहिलेली. प्रत्येक ॲपसोबत ‘मॅनिफेस्ट’ नावाची छोटी फाइल असते. नाव काय, आयकॉन कुठलं, कशाकशाची परवानगी लागते, हे ॲपच तिच्यात लिहून देतं. २००७च्या सूचीवाल्यांना हीच माहिती हाताने भरावी लागत होती.

गल्ल्याचा प्रश्न आपल्याकडे आता तितका उरलेला नाही. अँड्रॉइड फोनवर वेबपानातली एक लिंक यूपीआय ॲप उघडते, पिन टाकला की वीस रुपये पोचतात, आणि जानेवारी २०२०पासून बँक खात्यातून होणाऱ्या अशा यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. अडतं ते पुन्हा पहिल्याच जागी. चांगलं मराठी वेब-ॲप कुणी लिहिलं, तर ते शोधायला माणसाने जायचं कुठे?