स्कापा फ्लोच्या तळाशी
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

“गो, दर्यात बुडी मारूक तेवढ्या लांब कित्याक जातंस? हंय दर्या नाय काय?” निघण्याच्या आदल्या रात्री आजीने विचारलेल्या या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. आजीचे म्हणणे वावगे नव्हते. आमचे घर मालवणचे. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घेण्याची विद्या मी तारकर्लीला शिकले, ती याच दर्यात. पण मृग लागला की आमचा दर्या कुणालाच जवळ येऊ देत नाही, आणि ॲबर्डीनला तेलाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या मामाने उन्हाळ्याच्या सुटीत बोलावले होते. शिवाय आणखी एक कारण होते, ते आजीला सांगण्यासारखे नव्हते. पहिल्या महायुद्धाचा अभ्यास करताना जर्मन आरमाराने स्वतःलाच जलसमाधी दिल्याची हकीकत आमच्या पुस्तकात एका ओळीत आटोपलेली होती. ती एक ओळ माझ्या डोक्यातून गेलीच नाही. बावन्न जहाजे एका दुपारी आणि तीही स्वतःच्या हाताने बुडवायची, म्हणजे झाले तरी काय?

ती जागा म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडच्या ऑर्कनी बेटांमधील स्कापा फ्लो. ऑर्कनीत लहानमोठी सुमारे सत्तर बेटे आहेत आणि त्यांतल्या वीसेक बेटांवर वस्ती आहे. मधोमध बेटांनी चहूबाजूंनी कवटाळलेले, सव्वाशे चौरस मैलांच्या आसपासचे निवांत पाणी आहे. बाहेर अटलांटिक कितीही खवळलेला असो, आत जहाजांना आसरा मिळतो. म्हणूनच ब्रिटिश आरमाराने दोन्ही महायुद्धांत येथे तळ ठोकला होता.

ॲबर्डीनहून दिवसभर गाडी चालवून मामाने मला स्क्रॅब्स्टर बंदरात आणले. तिथून बोटीने दीड तासात स्ट्रॉमनेस. वाटेत हॉय बेटाचे लाल कडे लागतात आणि कड्यापासून सुटून समुद्रात एकटाच उभा असलेला १३७ मीटर उंचीचा दगडी सुळका दिसतो. त्याला ‘हॉयचा म्हातारा’ म्हणतात. मामा म्हणाला, “बघून घे, एखाद्या वादळात पडायचा हा!” तो काही आमच्यासमोर पडला नाही.

ऑर्कनीत झाडे जवळजवळ नाहीत. डोंगर म्हणावेत तर टेकड्या, त्यांवर गवत, गवतावर गाई, आणि सगळ्यावरून वारा. जून महिना असल्यामुळे रात्री साडेदहापर्यंत उजेड, आणि नंतरही पुरता काळोख होतच नाही. पहिल्या रात्री मी डोळ्यांवर ओढणी बांधून झोपले. दुसऱ्या दिवशी मामाने मला स्कारा ब्रे दाखवले. १८५० साली एका वादळाने किनाऱ्यावरची वाळू उडवून नेली आणि खालून पाच हजार वर्षांपूर्वीचे गाव वर आले! ते वसले तेव्हा मोहेंजोदारो वसायचे होते. लाकूड नाही म्हणून त्या लोकांनी पलंग दगडाचे केले, फडताळेही दगडाचीच केली. आणि म्हणूनच ती आज आपल्याला पाहायला मिळतात. दगडी फडताळ दाराच्या अगदी समोर आहे. आलेल्या पाहुण्याची नजर प्रथम भांड्यांवर पडावी ही हौस पाच हजार वर्षे जुनी असावी, असे मला वाटले.

आणखी एक गोष्ट ऐकून मात्र मी थक्क झाले. ही बेटे स्कॉटलंडच्या ताब्यात आली ती लढाईने नव्हे, तर हुंड्यापायी! डेन्मार्क आणि नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या राजाला दिली. ठरलेल्या हुंड्याची रोख रक्कम जमेना, म्हणून १४६८ साली ऑर्कनी गहाण टाकले. ते गहाण काही सुटले नाही. आपल्याकडे शेत जाते, त्यांच्याकडे बेटे गेली, इतकाच फरक.

आता जहाजांकडे वळते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला. तहाच्या वाटाघाटी होईपर्यंत जर्मन आरमारातील ७४ जहाजे स्कापा फ्लोमध्ये अडकवून ठेवली गेली: ११ मोठ्या युद्धनौका, ५ लढाऊ क्रूझर, ८ हलक्या क्रूझर आणि ५० विनाशिका. ती शरण आलेली नव्हती, केवळ नजरकैदेत होती. खलाशांना किनाऱ्यावर उतरण्याची बंदी होती आणि अन्न जर्मनीहून यायचे. कंटाळलेले खलाशी जहाजाच्या कडेवरून गळ टाकून मासे पकडीत. प्रमुख होता रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर. जगात काय चालले आहे ते त्याला कळायचे शिळ्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून. तह झाला तरी जहाजे शत्रूच्या हाती जाणार आणि फिसकटला तर इंग्रज ती बळाने घेणार, अशी त्याची खात्री होऊन चुकली होती.

२१ जून १९१९ च्या सकाळी पहाऱ्यावरचा ब्रिटिश ताफा कवायतीसाठी बाहेर गेला. अकराच्या सुमारास रॉयटरने आधी ठरवलेला सांकेतिक संदेश सोडला. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडल्या गेल्या आणि त्या पुन्हा बंद करता येऊ नयेत अशी तजवीजही केली गेली. तासभर काहीच दिसले नाही. मग जहाजे एकामागून एक कलू लागली. त्याच दिवशी स्ट्रॉमनेसच्या शाळेची सहल जर्मन जहाजे पाहायला एका छोट्या बोटीतून निघाली होती! मुलांना वाटले, हा सारा आपल्यासाठीच मांडलेला खेळ. संध्याकाळी पाचपर्यंत ५२ जहाजे तळाशी गेली होती; उरलेली इंग्रजांनी कशीबशी उथळ पाण्यात ओढली. त्या गोंधळात ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्यांनी नऊ जर्मन ठार झाले. युद्ध थांबून सात महिने झाले होते आणि व्हर्सायच्या तहावर सह्या व्हायला फक्त सात दिवस उरले होते.

पुढची गोष्ट भंगारवाल्याची आहे, आणि ती मला रॉयटरच्या गोष्टीपेक्षाही आवडते. १९२४ साली अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार व्यापाऱ्याने बुडालेली जहाजे सरकारकडून विकत घेतली. त्याने आयुष्यात एकही जहाज वर काढलेले नव्हते. विनाशिका त्याने साखळदंडांनी उचलल्या. मोठी जहाजे तर उलटी पडलेली. त्यांची भोके पाणबुड्यांकडून बुजवून घेतली, पालथ्या तळावर धुराड्यासारख्या उंच लोखंडी नळ्या बसवल्या, त्यांतून माणसे आत उतरवली आणि आत हवा कोंबली. पाणी बाहेर गेले की जहाज वर! पालथी वाटी पाण्यात धरून खालून हवा फुंकावी तसा हा प्रकार. ‘मोल्टके’ हे जहाज असे उलटेच ओढत दक्षिणेला रोझाइथपर्यंत नेले, आणि वर केलेल्या त्याच्या तळावर झोपड्या बांधून माणसे राहत होती. कॉक्सने तीसहून अधिक जहाजे काढली. पैसा मात्र त्यात मिळाला नाही असे म्हणतात. नंतर दुसऱ्यांनी काम चालवले. सात जहाजे मात्र तळाशीच राहिली: ‘कोनिग’, ‘मार्कग्राफ’ आणि ‘क्रोनप्रिन्झ विल्हेल्म’ या तीन युद्धनौका, आणि ‘ड्रेस्डेन’, ‘कोल्न’, ‘ब्रुमर’ व ‘कार्ल्सरुहे’ या चार हलक्या क्रूझर.

या जहाजांच्या पोलादाचा एक नवल वाटण्याजोगा उपयोग झाला. १९४५ नंतर अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी कण मिसळले, आणि पोलाद करताना भट्टीत हवा फुंकावी लागत असल्याने नव्या पोलादात ते उतरू लागले. अतिसूक्ष्म किरण मोजणाऱ्या यंत्रांना ‘स्वच्छ’ पोलाद लागते. ते त्या काळी १९४५ पूर्वीचेच लागे. तेव्हा कैसरच्या जहाजांचे तुकडे शास्त्रज्ञांच्या कामी आले.

माझ्या वाट्याला ‘कार्ल्सरुहे’ आली, कारण ती सर्वांत कमी खोल आहे. तळ साधारण २५ मीटरवर. युद्धनौका ४० मीटरच्या आसपास आहेत आणि तिथे जाण्याची माझी पात्रता नाही. आमची बोट म्हणजे मासेमारीच्या जुन्या बोटीला नवा संसार थाटून दिलेला. वाट दाखवणारी बाई पन्नाशीची, ऑर्कनीचीच, बोलायला कमी. तिने माझा पोशाख तीनदा तपासला.

या पोशाखाबद्दल थोडे सांगायला हवे. मालवणच्या पाण्यात सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमान असते, तिथे साधा पोशाखही पुरतो. इथे होते अकरा! म्हणून अंगात लोकरी कपडे आणि वरून पाणी अजिबात आत न येणारा पोशाख. तो आत हवा धरून ठेवतो. खाली जाताना दाबाने ती हवा आकसते, म्हणून छातीवरची कळ दाबून नवी सोडायची. वर येताना ती फुगते, म्हणून दंडावरच्या झडपेतून काढायची. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे २५ मीटरवर साडेतीनपट. टाकीतली हवाही तितक्याच पटीने लवकर संपते. शास्त्राला रामराम ठोकून कला शाखेला आलेल्या मला बॉइलचा नियम असा स्कॉटलंडच्या थंड पाण्यात पुन्हा भेटला.

दोराला धरून उतरू लागले. पाणी हिरवे, मग गडद हिरवे. मालवणात प्रवाळ दिसतात, रंगीत मासे दिसतात. इथे दहा मीटरपर्यंत काहीच नाही. मग एकदम खालून एक भिंत वर आली. ते जहाज होते, उजव्या कुशीवर निजलेले. धातूसाठी मधल्या काळात सुरुंग लावल्याने मधला भाग पार विस्कटलेला. पण पुढे नांगराची साखळी ओढणारी जाडजूड चक्रे जागच्या जागी होती आणि मागे तोफ होती. तोफेच्या नळीवर पांढऱ्या फुलांसारखे समुद्री जीव दाटीने बसलेले, आणि पत्र्यांवर ‘मेलेल्याची बोटे’ नावाचे मऊ प्रवाळ. नाव कुणी दिले कोण जाणे, पण दिसतात तशीच.

आणि मग माझी चूक झाली. एका फटीत पांढऱ्या चिनीमातीचा तुकडा दिसला. बशीचा असावा. कुणा खलाशाने त्यात जेवण केले असेल, असा विचार मनात आला आणि विचारामागून हात गेला. हात पोचेना म्हणून डोके खाली घातले. पोशाखातली सारी हवा क्षणात पायांत गेली, पाय फुगले आणि मी उलटी होऊन वर जाऊ लागले. दंडावरची झडप आता खालच्या बाजूला होती, म्हणजे तिचा उपयोग शून्य. शिकवलेले सारे आठवत होते: गुडघे पोटाशी घ्या आणि कोलांटी मारा. आठवत होते, पण होत नव्हते. श्वास इतक्या जोरात चालला होता की कानांत फक्त बुडबुडेच. भराभर वर गेल्यास रक्तात विरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडतो, आणि श्वास कोंडला तर फुप्फुसे फाटतात. हे परीक्षेत मी अचूक लिहिले होते. तेवढ्यात कुणीतरी घोटा धरला. बाईने मला एखाद्या छत्रीसारखे सुलटे केले, डोळ्यांत डोळे घालून थांबली, माझा श्वास ताळ्यावर येईपर्यंत. मग तर्जनी डावीउजवीकडे हलवली. ती खूण चुकल्याबद्दल की बशीबद्दल, ते मला तेव्हा कळले नाही.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे लटकत राहिलो. बोटीवर मामा सूपचा पेला घेऊन उभा होता. माझा चेहरा बघून त्याने काहीच विचारले नाही. बाई मात्र बोलली. बशीबद्दलच. २००१ पासून ही सातही जहाजे संरक्षित स्मारके आहेत. पाहा, पण काही उचलायचे नाही, उचलाल तर गुन्हा. २०१९ साली यांतील चार जहाजे इंटरनेटवर विक्रीला निघून विकलीही गेली, तरी घेणाऱ्यालाही त्यांचा तुकडा काढता येत नाही. तिच्या लहानपणी ऑर्कनीतल्या पुष्कळ घरांत जहाजांवरच्या वस्तू असत, असेही तिने सांगितले. ती रागावली नव्हती. त्यामुळेच मला जास्त लाज वाटली.

परतताना एका हिरव्या बोयाजवळून लांबूनच गेलो. खाली ‘रॉयल ओक’ आहे. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री ग्युंटर प्रीनची पाणबुडी यू-४७ अडथळ्यांतून आत शिरली आणि तिने नांगरलेली ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. ८३५ माणसे गेली, त्यांत शंभराहून अधिक मुले अठरा वर्षांच्या आतली. मी वीस वर्षांची आहे. ते युद्धस्मशान असल्याने तिथे बुडी मारायला मनाई आहे. मार्विक हेडपाशी ‘हॅम्पशायर’ आहे, तिथेही हाच नियम. हिंदुस्थानचा सरसेनापती म्हणून कर्झनशी भांडलेला किचनेर ५ जून १९१६ ला तिच्यासोबतच बुडाला, आणि वाचले ते बाराजण.

पाणबुडी शिरली ती वाट बुजवण्यासाठी चर्चिलने बेटांमध्ये बांध घालायला लावले. कामाला इटालियन युद्धकैदी होते. कैद्यांना लष्करी कामाला जुंपता येत नाही, म्हणून त्यांनी संप केला. मग ‘हे बांध नव्हेत, लोकांसाठी रस्ते आहेत’ असे ठरले! आज त्यांवरून खरोखरच मोटारी जातात. आम्हीही गेलो. त्या कैद्यांनी दोन पत्र्याच्या बराकी जोडून आत प्रार्थनामंदिर केले. दोमेनिको किओकेत्ती हा त्यांतला चित्रकार. भिंती रंगवून विटांच्या भासवल्या आहेत, मांसाच्या रिकाम्या डब्यांचे कंदील केले आहेत. बाकीचे कैदी सुटून गेले तरी काम पुरे करायला तो मागे राहिला. मी भिंतीला हात लावून पाहणार होते, तो मामाच म्हणाला, “हात खिशात ठेव.”

शेवटच्या दिवशी बाईने माझ्या बुडीच्या वहीत सही केली. खोली २४ मीटर, वेळ ३१ मिनिटे, पाणी ११ अंश. शेरा या रकान्यात तिने एकच शब्द लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत: ‘पाय’. आजीने वही हातात घेऊन तो शब्द काय आहे म्हणून विचारले. सांगितला, तर ती हसली आणि म्हणाली, “तां मी तुका हंयच सांगललंय, पाय सांभाळ म्हणान.”