समुद्रपक्ष्यांचें माहेर

प्रसूतीसाठीं माहेरीं जाण्याची रीत मराठी घरांना नवी नाहीं. अल्बट्रॉस ह्या समुद्रपक्ष्यांत ती याहूनही कडक पाळली जाते, आणि तिचें बंधन तेथें नरालाही आहे. ह्या विशाल पक्ष्याचें बहुतेक आयुष्य समुद्रावर जातें. पंखांत बळ आलें कीं पिलूं बेट सोडतें, तें पुढें कांहीं वर्षें भूमीला पाय लावीत नाहीं. वयांत आल्यावर मात्र जोडीदार शोधण्यासाठीं तें बहुधा आपल्या जन्मबेटावरच उतरतें. आणि एकदां घरट्याची जागा ठरली, म्हणजे दर खेपेस तेथेंच किंवा तेथून कांहीं पावलांवर नवें घरटें मांडलें जातें.

ह्या ओढीचा प्रत्यय अमेरिकन आरमाराला चांगलाच आला. पॅसिफिक महासागरांतील मिडवे बेटांवर लेसन अल्बट्रॉस विमानांवर आदळत. ते दूर नेऊन सोडले तर काय होतें, हें पाहण्यासाठीं १९५७ सालीं १८ पक्षी निरनिराळ्या ठिकाणीं धाडण्यांत आले. त्यांपैकीं १४ परतले! फिलिपाईन्समध्यें सोडलेला एक पक्षी ४,००० मैलांहून अधिक अंतर तोडून ३२ दिवसांत घरीं हजर झाला.

एवढ्या अथांग पाण्यांत वाट सांपडते कशी? अल्बट्रॉसच्याच गणांतील शिअरवॉटर पक्ष्यांवर अझोर्स बेटांवर प्रयोग झाले. अंगावर चुंबक बांधलेले पक्षी नीट घरीं पोंचले. घ्राणशक्ति बंद केलेले मात्र समुद्रावर भरकटत राहिले. डोळ्यांना जो समुद्र सर्वत्र सारखा दिसतो, तो नाकाला तसा नसावा.

ह्या हट्टामागें एक व्यवहारी हिशेबही आहे. अमुक जागीं पिलें वाढतात याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तेथें वाढलेला तो पक्षी स्वतःच होय. परंतु त्या जागीं सोटा घेतलेला माणूस येऊन उभा राहिला, म्हणजे हा हिशेब साफ चुकतो.

टोकियोच्या दक्षिणेस सुमारें ५८० किलोमीटरांवर तोरीशिमा हें ज्वालामुखीचें बेट आहे. आखूड शेपटीच्या अल्बट्रॉसचें हें मुख्य माहेर. १८८७ पासून पिसांच्या व्यापारासाठीं तेथें त्याची कत्तल सुरू झाली. पक्षी माणसाला भीत नसे, आणि शेजारी मारला गेला म्हणून जागाही बदलीत नसे. उरलेले पुढल्या हिवाळ्यांत पुन्हा त्याच सोट्याखालीं येत. सुमारें ५० लाख पक्षी मारले गेले असावेत असा अंदाज आहे. १९०२ च्या उद्रेकांत बेटावरील १२५ माणसें प्राणांस मुकलीं, तरीही धंदा पुन्हा सुरू झालाच. १९४९ मध्यें तर ही जात नामशेष झाली असें मानण्यांत आलें.

तथापि कत्तलीच्या काळांत बेटावर न उतरलेले कांहीं पक्षी समुद्रावर शिल्लक होते. तेही अखेर माहेरींच आले. १९५१ सालीं हवामान-केंद्रांतील लोकांना तोरीशिमावर सुमारें १० पक्षी आढळले.

संख्या हळूहळू वाढली, पण तोरीशिमाचा ज्वालामुखी जागृत आहे आणि घरट्यांचा राखेचा उतार पावसांत घसरतो. दुसरें घर हवें होतें. मोठा पक्षी हलविणें व्यर्थ, हें मिडवेनें दाखविलेंच होतें. म्हणून जपानी शास्त्रज्ञांनीं, जन्मस्थानाची खूण मनांत पक्की होण्यापूर्वींच, पिलें हलविलीं. २००८ ते २०१२ ह्या काळांत सुमारें ४० दिवसांचीं ७० पिलें हेलिकॉप्टरनें ३५० किलोमीटर दूर मुकोजिमा बेटावर नेऊन माणसांनीं हातानें भरवून वाढविलीं. एक खेरीजकरून सर्व समुद्राकडे उडालीं.

मग वाट पाहण्यावांचून कांहीं हातीं नव्हतें. २०११ पासून त्यांतील कांहीं परत दिसूं लागले. कित्येकांनीं तोरीशिमाच गांठलें. जिनें त्यांना जन्म दिला त्या भूमीचा पत्ता त्यांनीं कसा काढला, कोण जाणे! पण कांहीं मुकोजिमावर उतरले, आणि २०१६ मध्यें त्यांतील एकाचें पिलूं त्याच बेटावर वाढून समुद्रावर गेलें.