गोष्ट आधी, यंत्र नंतर

लहानपणीच्या परीकथेवरून इलेक्ट्रॉनिक कलाकृती घडवायची म्हटली, की कॅमेरे, सेन्सर, संगणक हा खरा ऐवज आणि गोष्ट ही वरची सजावट, असे सर्रास गृहीत धरले जाते. मला हे मान्य नाही. प्रेक्षक कोणत्या क्षणी काय करील, हे अशा कलाकृतीत गोष्ट ठरवते. ते ठरलेले असते म्हणूनच बेताच्या कुवतीचे यंत्रही त्याला वेळेवर उत्तर देऊ शकते. याचा भक्कम पुरावा 'किड्सरूम'मध्ये सापडतो. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ॲरन बॉबिक, स्टीफन इंटिल, क्लाउडिओ पिन्हानेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही खोली उभारली. 'पीटर पॅन' किंवा मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये मूल निजायच्या खोलीतून थेट अद्भुत मुलखात पोचते. तोच धागा त्यांनी उचलला. सुमारे २४ फूट बाय १८ फुटांच्या जागेत दोन भिंती नेहमीच्या आणि दोन भिंतींच्या जागी मोठे पडदे होते. मुलांच्या अंगावर ना चष्मा, ना हातमोजे, ना तारा. खोली, जंगल, नदी, राक्षसांचा मुलूख असा दहा-बारा मिनिटांचा प्रवास ती आपल्या पायांनी करत.

या प्रवासातले दोन प्रसंग जवळून पाहण्यासारखे आहेत. खोलीतले सामान मुलांशी बोलते. त्याला विचारत विचारत मंत्राचा शब्द शोधायचा आणि तो सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचा, की खोलीचे जंगल होते. संगणकाला तो शब्द मुळीच कळत नसे. मायक्रोफोनमधून आवाज किती चढला, एवढेच तो मोजत असे. पण त्या क्षणी मुलांनी मंत्रच म्हणायचा, ही तजवीज गोष्टीने केलेली असल्यामुळे तेवढे मोजमाप पुरत असे. पुढे पलंगाची होडी होते. समोरच्या पडद्यावर नदीतले अडथळे येऊ लागतात आणि ते चुकवण्यासाठी मुले वल्ही मारल्यासारखे हात चालवतात. वल्हवणे म्हणजे काय, हे यंत्राला ठाऊक नसते. पलंगाच्या कोणत्या बाजूला हालचाल जास्त आहे, एवढेच ते कॅमेऱ्यातून ताडते आणि होडी वळवते. दोन्ही ठिकाणी यंत्राची समज तोकडी आहे आणि दोन्ही ठिकाणी ती उणीव कथानक भरून काढते.

यावर कोणी म्हणेल, की वाट आधीच आखलेली असेल तर हा संवाद कसला? आक्षेपात तथ्य आहे. किड्सरूममध्ये मुलांना कथानक बदलता येत नव्हते, आणि ती अडून राहिली तर निवेदक त्यांना पुढची दिशा सुचवत असे. पण सहभागाचा आनंद कथानक बदलण्यातच असतो, हे गृहीतक तपासून पाहायला हवे. चिऊ-काऊच्या गोष्टीत दाराबाहेरच्या कावळ्याला काय उत्तर मिळणार, हे मुलाला तोंडपाठ असते, तरी ते उत्तर आपणच द्यावे म्हणून ते आतुर असते. शेवट ठाऊक असूनही त्याचा सहभाग खराच असतो. शिवाय आखलेल्या वाटेवरही मोकळीक ठेवता येते. राक्षसांच्या मुलखात आधी राक्षस मुलांना नाचाच्या चार हालचाली शिकवतात, मग मुले नाचतात आणि राक्षस त्यांची नक्कल करतात. तिथे पुढाकार मुलांकडे येतो.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. आजची यंत्रे बोललेला शब्द ओळखतात, शरीराची ठेवण टिपतात, मग गोष्टीच्या कुबड्या कशाला? पण कृती ओळखणे आणि तिला महत्त्व देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. हात वर गेला, हे यंत्र अचूक सांगेल. तो हात वर जाण्याची सगळी वाट पाहत होते, ही उत्कंठा मात्र गोष्टच निर्माण करते. ती नसेल, तर प्रेक्षक हात हलवतो, दिवे लागतात, आणि घटकाभरात त्याचे कुतूहल संपते. ओळखण्याची ताकद जितकी वाढेल, तितकी कशाला प्रतिसाद द्यायचा आणि कशाला नाही, ही निवड अवघड होत जाईल. म्हणून परीकथेवर काम करणाऱ्या कलावंताने सेन्सरची यादी करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे: गोष्टीच्या कोणत्या वळणावर ऐकणाऱ्याला गप्प राहवणार नाही? ती वळणे सापडली, की साधा मायक्रोफोनही पुरतो. ती सापडली नाहीत, तर महागडी यंत्रणाही नुसती लुकलुकत राहते.