आयव्हीएफ सुरू असताना खामगाव-शेगाव पायी वारी करावी का? कधी चालावे, कधी थांबावे, जाणून घ्या

शेगाव : आषाढी आटोपून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा चालायला हजारो भाविक येतात. अंतर साधारण १६-१७ किलोमीटर. मूल व्हावे म्हणून बोललेले नवसही याच वाटेवर फेडले जातात. अडचण येते ती वारीची तारीख आणि अकोल्याच्या किंवा नागपूरच्या सेंटरमधील इंजेक्शनची तारीख एकाच आठवड्यात आली की. घरात एक जण म्हणतो, चालल्याने काय होते? दुसरा म्हणतो, पलंगावरून उतरायचे नाही. खरे उत्तर उपचाराचा कोणता दिवस सुरू आहे, त्यावर ठरते.

इंजेक्शनचे दिवस नाजूक का?

एरवी महिन्याला साधारण एकच स्त्रीबीज पक्व होते. आयव्हीएफमध्ये ८ ते १२ दिवस इंजेक्शन देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढवली जातात. प्रत्येक बीज ज्या पाण्याच्या पिशवीत वाढते, ती फॉलिकल १८-२० मिलिमीटरपर्यंत फुगते. अशा दहा-बारा फॉलिकल झाल्या की बदामाएवढे अंडाशय लिंबाहून मोठे, कधी संत्र्याएवढे होते. एवढे जड झालेले अंडाशय धक्क्याने किंवा झटक्याने स्वतःभोवती पिळले जाऊ शकते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. याला टॉर्शन म्हणतात. हे क्वचितच घडते, पण घडले तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून सोनोग्राफीत फॉलिकल वाढताना दिसू लागल्या की धावणे, दोरीउड्या, झुंबा, जड वजने आणि पोटाला पीळ देणारी आसने बंद. सपाट रस्त्यावर अर्धा तास सावकाश चालायला सहसा हरकत नसते. चालताना दम न लागता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हा सोपा मापदंड. पण गर्दीच्या रेट्यात १७ किलोमीटर? या दिवसांत नाही.

बीज काढल्यानंतरही आठवडा-दोन आठवडे अंडाशय मोठेच असते, त्यामुळे पथ्य तेच. एका बाजूला अचानक असह्य दुखणे आणि उलट्या, पोट झपाट्याने फुगणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. सेंटर शहरात आणि घर शेगावात असेल, तर रात्रीची गाडी कोणाची आणि फोन कोणाला, हे आधीच ठरवून ठेवावे. १०८ आहेच.

गर्भ सोडल्यावर पडून राहावे का?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. उभे राहिल्याने गर्भ खाली पडत नाही. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. गर्भ सोडल्यानंतर २० मिनिटांहून अधिक पडून राहिल्याने यश वाढत नाही, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. उलट हार्मोन्सची औषधे सुरू असताना दिवसेंदिवस झोपून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. स्वयंपाक, ऑफिस, जिना चालतो. जिम आणि लांब पल्ला १२-१४ दिवसांनंतरच्या रक्ततपासणीपर्यंत टाळावा. गोठवलेला गर्भ सोडला असेल, तर अंडाशय फुगलेले नसते. तेव्हा डॉक्टर थोडी जास्त मोकळीक देतात.

व्यायामाची खरी वेळ उपचाराआधीची. पीसीओएस आणि जादा वजन असेल, तर ५ ते १० टक्के वजन उतरल्यानेही पाळी आणि बीजनिर्मिती सुधारू शकते. मात्र अति तिथे माती. २,२३२ महिलांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२००६) १ ते ९ वर्षे आठवड्याला ४ तास किंवा अधिक व्यायाम करणाऱ्यांत पहिल्या आयव्हीएफमध्ये मूल होण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी आढळली. हा केवळ संबंध होता, कारण सिद्ध झाले नाही. नंतरच्या काही अभ्यासांत बेताच्या व्यायामाचा फायदाही दिसला.

पुरुषांबद्दल मात्र कोणी विचारत नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. बॉडी बनवण्यासाठी घेतलेले टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइड शुक्राणूंची संख्या पार शून्यावर आणू शकते, त्यामुळे ते आधीच डॉक्टरांना सांगावे. चालण्याने मात्र पुरुषाचे काही बिघडत नाही. नवस दोघांचा असेल, तर यंदा खामगावहून त्यानेच चालावे.