पाळी चुकण्याआधी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही आनुवंशिकतेवर बोलायला गेलो होतो. तास संपल्यावर एक शिक्षिका मागे थांबल्या. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचा रक्ततपासणीचा अहवाल ‘एएस’ आला होता. मुलीला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती, घरी लग्नाची बोलणी चालू होती आणि घरच्यांनी तो कागद पेटीच्या तळाशी ठेवून दिला होता. बाईंचा प्रश्न साधा होता, “तिला काय सांगू?”

हा प्रश्न वेळेवर विचारला गेला, ही फार मोठी गोष्ट आहे. गरोदरपणातली काळजी म्हटली की आपल्याला नावनोंदणी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, वजन आणि रक्तदाब आठवतो. हे सारे आवश्यकच आहे. पण ते सुरू होते पाळी चुकल्यावर. काही गोष्टींची वेळ मात्र त्याआधीची असते. त्यांतल्या दोन येथे पाहू.

पहिली गोष्ट फॉलिक आम्लाची. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू एका नलिकेपासून तयार होतात. गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत ही नलिका मिटते. ती नीट मिटली नाही तर मूल मेंदूच्या किंवा पाठीच्या कण्याच्या गंभीर व्यंगासह जन्मते. आता दिवस मोजून पाहा. गर्भधारणा साधारणपणे पाळीनंतर १४ दिवसांनी होते. पुढची पाळी चुकते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा असतो. म्हणजे पाळी चुकल्यावर हाती उरतात जेमतेम दोन आठवडे. पाळी चुकली याची खात्री होऊन नाव नोंदवेपर्यंत ते सहज निघून जातात.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक देशांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आधी असे व्यंग असलेले मूल झाले होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले, तेव्हा ते व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की, मूल हवे असे ठरवल्यापासून गर्भारपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे. शाळेत आठवड्याला एकदा मिळणारी लोह-फॉलिकची निळी गोळी रक्तक्षयासाठी उपयोगी आहे, पण ती या रोजच्या मात्रेची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट त्या पेटीतल्या कागदाची. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले की ‘एस’ हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी पडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी लवकर मरतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आईवडील दोघांकडूनही एस जनुक आले तर व्यक्ती ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलग्रस्त होते. एकाकडूनच आले तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला सहसा कसलाही त्रास होत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पुष्कळ लोकांत का आढळते? ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील लोकांत दाखवून दिले की, वाहकांना फाल्सिपेरम हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात वाहक अधिक जगले आणि जनुक टिकले. त्यात कोणत्याही जातीजमातीचा दोष नाही. वर्गात हे स्पष्टपणे सांगायला हवे, कारण लाज हेच कागद लपवण्याचे खरे कारण असते.

आता एक प्रयोग करा. दोन गाडग्यांत प्रत्येकी लाखोळीचा एक आणि हरभऱ्याचा एक दाणा ठेवा. लाखोळी म्हणजे एस, हरभरा म्हणजे ए. ही झाली वाहक आई आणि वाहक वडील. न बघता दोन्हींतून एकेक दाणा काढा, नोंद करा आणि दाणे परत टाका. शंभर वेळा केल्यास साधारण पंचवीस वेळा दोन्ही लाखोळी येतील, पन्नास वेळा एकेक आणि पंचवीस वेळा दोन्ही हरभरे. दाणे परत टाकणे येथे महत्त्वाचे आहे. “पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील” हा समज चुकीचा आहे, कारण प्रत्येक गर्भधारणा ही नवी सोडत असते. अशा जोडप्याला तीन मुले झाली तर निदान एक तरी ग्रस्त असण्याची शक्यता ६४ पैकी ३७ आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

मग विश्वसनीय माहिती कशी ओळखायची? कोणती चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे विचारावे. ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावरून रक्त का कमी आहे ते कळत नाही. लोहाच्या अभावाने आलेला रक्तक्षय गोळ्यांनी भरून निघतो, सिकलसेलचा मूळ दोष निघत नाही. सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झाले तर एस आहे एवढेच समजते. व्यक्ती वाहक आहे की ग्रस्त, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीच सांगते. शिवाय जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असेल तर त्याची सोल्युबिलिटी चाचणी स्वच्छ येते, आणि तरीही मूल आजारी होऊ शकते. म्हणून एक जण एएस असेल तर दुसऱ्याची एचपीएलसी करून घेणे चांगले.

सिकलसेलग्रस्त स्त्रीलाही सुखरूप मूल होऊ शकते, पण तिने आधीच डॉक्टरांशी बोलावे. ती हायड्रॉक्सीयुरिया घेत असेल तर गर्भधारणेपूर्वीच ते औषध थांबवण्याविषयी ठरवावे लागते. तिला फॉलिक आम्लही अधिक मात्रेत लागते.

विचारायचे कुणाला? पहिला दुवा गावातली आशा आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविका. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा भागांतल्या स्त्रियांना बाळंतपणाआधी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहता यावे, म्हणून ‘माहेरघर’ योजना आहे.

पण स्त्री स्वतः येईल, अशी वाट पाहून भागत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्याआधी केवळ ८ टक्क्यांची तशी तपासणी झालेली होती. त्रास नव्हता असे नाही, तो कुणी विचारला नव्हता.

बाईंना आम्ही सांगितले ते असे. अहवाल त्या मुलीचा आहे. तिला एकटीला बसवून समजावा, तो वर्गात वाचू नका. ती आजारी नाही, हे आधी सांगा. मग सांगा, लग्न मोडायचे नाही, मुलाची तपासणी करायची आहे. तो एए असला आणि थॅलेसेमियाचा वाहक नसला, तर त्यांचे एकही मूल सिकलसेलग्रस्त होणार नाही. तोही एएस निघाला तर काय करायचे ते दोघांनी सर्व माहिती घेऊन ठरवावे. गर्भाची तपासणी सुमारे अकराव्या आठवड्यापासून शक्य असते, पण ती मोठ्या शहरांतच होते आणि दोघांचे अहवाल आधी हाती असतील तरच ती वेळ साधते.

बाई म्हणाल्या, “म्हणजे तो कागद पेटीतून बाहेर यायला हवा.”

तो लग्नाआधी बाहेर यायला हवा.